एअरसॉफ्टची पहिली खरेदी: आधी डोळे, मग छर्रे, बंदूक सगळ्यात शेवटी

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये शिकायला गेलेल्या, नाहीतर तिथेच वाढलेल्या मराठी मुलांना कुणीतरी एकदा एअरसॉफ्टच्या मैदानावर नेते आणि दुसऱ्या दिवसापासून बंदुकांची दुकाने धुंडाळणे सुरू होते. तिथे सगळ्यात आधी दिसते ती बंदूक, मग दुर्बीण, मग हेल्मेट, मग खिशाखिशांचे जॅकेट. डोळ्यांचे गॉगल आणि छर्रे कुठेतरी तळाला. खरेदीचा क्रम नेमका याच्या उलट असायला हवा. बजेट तोकडे असेल तर जास्तच.

खेळ थोडक्यात असा. 6 मिलिमीटरचे प्लास्टिकचे छर्रे हवेच्या दाबाने उडवणाऱ्या, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुका, दोन संघ आणि एक ठरलेले मैदान. छर्रा लागला तर रंगाचा डाग पडत नाही, त्यामुळे ज्याला लागला त्यानेच हात वर करून 'हिट' म्हणायचे आणि बाहेर पडायचे. सगळा खेळ या इमानदारीवर चालतो. खेळ मूळचा 1970च्या दशकातल्या जपानमधला, जिथे सामान्य माणसाला खरी बंदूक मिळणे जवळपास अशक्य. 1991 मध्ये टोकियो मारुई कंपनीने बॅटरीवर चालणारी बंदूक बाजारात आणली आणि आज नवशिक्यांच्या हातात दिसणारी बहुतेक मॉडेल्स त्याच रचनेची भावंडे आहेत.

पहिले दोन-तीन दिवस बंदूक भाड्यानेच घ्या. बहुतेक मैदानांवर बंदूक, मास्क आणि थोडे छर्रे असे एकत्र भाडे असते. त्यातून एक गोष्ट फुकट कळते: तुम्हाला बंद इमारतीतला जवळचा खेळ आवडतो की झाडीतला लांबचा. हे ठरल्याशिवाय घेतलेली बंदूक निम्म्या वेळा चुकीची निघते. इमारतीत लांब नळीची बंदूक दर दाराला अडकते, आणि जंगलात पिस्तूल घेऊन फिरणारा दिवसभर लोकांचे छर्रे झेलतो.

मात्र भाड्याच्या दिवसांतही एक वस्तू स्वतःची असावी, ती म्हणजे डोळ्यांचे संरक्षण. भाड्याचे मास्क ओरखडलेले असतात, आतून घामट असतात आणि दहा मिनिटांत धुके धरतात. धुके धरले की नवखा माणूस हमखास एक चूक करतो. काच पुसायला मास्क क्षणभर वर उचलतो. एअरसॉफ्टमध्ये डोळ्यांना होणाऱ्या इजांमागे हा 'क्षणभर' फार वेळा असतो.

गॉगल घेताना 'मजबूत आहे', 'टॅक्टिकल आहे' असल्या शब्दांकडे दुर्लक्ष करा आणि काचेवर किंवा फ्रेमवर कोरलेला शिक्का बघा. थोडे गणित केले की त्या शिक्क्याचा अर्थ कळतो. 0.20 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 350 फूट वेगाने निघाला तर त्यात साधारण 1.14 ज्यूल ऊर्जा असते, 400 फुटांना जवळपास 1.49 ज्यूल. युरोपातल्या ईएन 166 मानकात 'एफ' शिक्क्याचा चष्मा 6 मिमीच्या, 0.86 ग्रॅमच्या पोलादी गोळीने सेकंदाला 45 मीटर वेगाने तपासतात. ती ऊर्जा भरते 0.87 ज्यूल, म्हणजे छर्ऱ्यापेक्षाही कमी. 'बी' शिक्क्याला तीच गोळी 120 मीटर वेगाने मारतात, ते होतात 6 ज्यूलच्या वर. म्हणून युरोपात आणि ब्रिटनमध्ये 'बी' पाहिजे. 'एफ' सुतारकामाला ठीक, इथे नको.

अमेरिकेत झेड 87 हा शिक्का असतो. त्यापुढे अधिकचे चिन्ह असेल तरच ती वस्तू जोराच्या आघाताला तपासलेली असते. नुसता 'झेड 87' पुरत नाही. इथेही एक मेख आहे. पाव इंची पोलादी गोळी साध्या चष्म्यावर सेकंदाला 150 फूट वेगाने मारतात आणि बंद गॉगलवर 250 फूट वेगाने. ऊर्जेत मोजले तर चष्म्याला सुमारे 1.1 आणि गॉगलला 3 ज्यूल. म्हणजे दोघांवर शिक्का एकच असला तरी संरक्षण सारखे नाही. त्यातून चष्म्याच्या कडेला फट राहते, आणि भिंतीवर आपटून परतलेला छर्रा नेमका त्या फटीतून आत येतो. चारही बाजूंनी चेहऱ्याला चिकटणारा बंद गॉगलच घ्या. अमेरिकी लष्कराच्या एमआयएल-पीआरएफ-32432 मानकाचा गॉगल मिळाला तर उत्तमच, पण पहिल्या खरेदीला तो हट्ट नको.

जाळीचा गॉगल स्वस्त असतो आणि त्यावर धुके धरत नाही, म्हणून मोह होतो. पण कमी प्रतीचा छर्रा जाळीवर आपटून फुटला की त्याचे तुकडे जाळीतून डोळ्यांत जाऊ शकतात. जाळी खालच्या चेहऱ्यासाठी चांगली, डोळ्यांसाठी नाही.

धुक्यावर उपाय म्हणजे दुहेरी काच. दुकानात तिला 'थर्मल लेन्स' म्हणतात. दोन काचांमध्ये हवेचा थर असतो, त्यामुळे आतली काच थंड पडत नाही आणि श्वासाची वाफ तिच्यावर जमत नाही. साध्या गॉगलपेक्षा पंधरा-वीस डॉलर जास्त पडतात, आणि या यादीत इतके वसूल होणारे पैसे दुसरे नाहीत. नंबरचा चष्मा असेल तर चष्म्यावर बसणारा मोठा गॉगल घ्या किंवा त्या दिवशी कॉन्टॅक्ट लेन्स लावा. चष्म्यावर गॉगल म्हणजे धुके धरणाऱ्या काचा दोन, त्यामुळे तिथे दुहेरी काच नसेल तर दिवस वाया गेला समजा.

दातांसाठी खालच्या चेहऱ्यावर बसणारा जाळीचा मास्क, पंधरा-वीस डॉलरचा. नियम सक्ती करत नसेल तरीही घाला. पुढच्या दाताचा टवका उडाला तर अमेरिकेतले दंतवैद्याचे बिल दोन नव्या बंदुकांच्या पुढे जाऊ शकते. मास्क आणि गॉगल एकत्र घालून, बंदूक खांद्याला लावल्यासारखी मान वाकवून बघा. मास्कची वरची कड गॉगलला वर ढकलत असेल तर ती जोडी चालणार नाही, कारण गॉगल वर सरकला की खाली फट पडते. खेळताना हे लक्षात येत नाही.

बाकी कपड्यांवर पैसे घालू नका. जुनी फुल पँट, फुल बाह्यांचा शर्ट, घोट्याच्या वर येणारे बूट. मेकॅनिक वापरतात तसले पातळ हातमोजे घ्या, कारण बोटांच्या पेरांवर बसलेला छर्रा भलताच झोंबतो.

आता बंदूक. ढोबळमानाने तीन प्रकार. स्प्रिंगची बंदूक दर छर्ऱ्याला हाताने ताणावी लागते. स्वस्त पडते, पण खेळात तुम्ही एक झाडेपर्यंत समोरचा दहा झाडतो. गॅसच्या बंदुकीला झटका खऱ्यासारखा बसतो, मजा येते, पण थंडीत गॅसचा दाब उतरतो आणि नोव्हेंबरच्या सकाळी ती नुसती फुसफुसते. शिवाय एकेक मॅगझिन, म्हणजे छर्रे भरायची पेटी, महाग. बॅटरीवरची इलेक्ट्रिक बंदूक मात्र ऊन-थंडीत बऱ्यापैकी सारखी चालते. नवशिक्याने हीच घ्यावी.

तिच्यातही एम 4 घराण्यातले, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या एम 4 रायफलीसारखे दिसणारे मॉडेल. ते इतरांपेक्षा चांगले असते असे नाही, पण ते सगळ्यांकडे असते. मॅगझिन कुणाकडूनही उसने मिळते, सुटे भाग कुठल्याही दुकानात मिळतात आणि दुरुस्ती करणाऱ्याने आतला 'व्हर्जन 2' गिअरबॉक्स शंभर वेळा उघडलेला असतो. एके-47 सारख्या दिसणाऱ्या मॉडेलमध्ये 'व्हर्जन 3' येतो. तोही दणकट, पण त्या मॉडेलची वेगवेगळ्या कंपन्यांची मॅगझिन एकमेकांशी जुळतीलच असे नाही. तैवानच्या जीअँडजीची कॉम्बॅट मशीन मालिका, पोलंडची स्पेक्ना आर्म्स, चीनची सायमा ही या वर्गातली ठरलेली नावे. अमेरिकेत साधारण 150 ते 200 डॉलरमध्ये यांतली एखादी मिळते. 50-60 डॉलरची प्लास्टिक गिअरची बंदूक 'बघू तर खरं' म्हणून घेऊ नका. तिचे गिअर झिजले की त्या मापाचे सुटे भाग मिळत नाहीत आणि ती सरळ कचऱ्यात जाते.

स्वस्त स्नायपर रायफल हाही नवशिक्यांना हटकून पडणारा मोह. शंभर डॉलरच्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीचा पल्ला शेजारच्या इलेक्ट्रिक बंदुकीइतकाच असतो, फक्त ती एका वेळी एकच छर्रा मारते. तिला खरी स्नायपर बनवायला नळी, रबर, पिस्टन, ट्रिगर असे सगळेच बदलावे लागते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

बंदूक कशी चालते हे एकदा कळले की पुढचे सगळे खर्च आपोआप रांगेत लागतात. ट्रिगर दाबला की मोटर तीन गिअर फिरवते. शेवटच्या गिअरला अर्ध्याच घेरात दात असतात. दात आहेत तोवर तो पिस्टन मागे ओढून स्प्रिंग दाबतो, दात संपले की पिस्टन सुटतो आणि पुढची हवा छर्ऱ्याला ढकलते. नळीच्या मागच्या टोकाशी, छर्रा आत शिरतो तिथे, रबराचा छोटा उंचवटा असतो, त्याला हॉप-अप म्हणतात. जाताजाता तो छर्ऱ्याचा वरचा भाग अडवतो, म्हणून छर्रा उलटा गरगरत निघतो. टेबल टेनिसमध्ये खालून कापलेला चेंडू तरंगत जातो, तसाच हा छर्राही हवेवर रेलून लांब जातो. हॉप-अप नसेल तर छर्रा वीस-पंचवीस मीटरवरच खाली झुकतो. तो नीट लावला तर त्याच बंदुकीतून चाळीस-पन्नास मीटर सपाट जातो. म्हणजे पल्ला वाढवायचा असेल तर दणकट स्प्रिंगपेक्षा चांगले छर्रे आणि नीट लावलेला हॉप-अप जास्त कामाचा.

म्हणून छर्ऱ्यांत काटकसर नको. खेळाडू छर्ऱ्याला 'बीबी' म्हणतात, त्यामुळे मराठी घरात फोनवर 'माझ्या बीबी संपल्या' म्हणताना जरा जपून. बंदुकीबरोबर फुकट येणारे 0.12 ग्रॅमचे छर्रे टाकून द्या. ते इतके हलके असतात की हॉप-अपने थेट आभाळाकडे वळतात, आणि त्यांची घडणही ओबडधोबड असते. चांगला छर्रा 5.95 मिमीचा असतो, फरक फारतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. तुमच्या बंदुकीची नळी असते 6.03 ते 6.08 मिमीची. मधली फट इतकी बारीक असताना जोडावर कंगोरा राहिलेला किंवा आत हवेचा बुडबुडा असलेला छर्रा नळीत अडकतो, नाहीतर रबर फाडतो. जमिनीवर पडलेले छर्रे उचलून पुन्हा भरू नका, कितीही स्वच्छ दिसले तरी. मातीचा एक कण नळीला आयुष्यभराची चरी पाडतो.

सेकंदाला 350 फुटांच्या आसपासच्या बंदुकीला 0.25 ग्रॅम योग्य, 400च्या आसपास 0.28. एक किलोच्या पिशवीत 0.25चे 4,000 छर्रे बसतात आणि नवशिक्याला ती दोन-तीन दिवस पुरते. वजनदार छर्रा वेग मोजायच्या यंत्रावर कमी आकडा दाखवतो. 0.20ला 350 दाखवणारी बंदूक 0.25ला साधारण 313 दाखवेल. बंदूक कमजोर झालेली नसते, ऊर्जा तेवढीच असते. उलट जड छर्रा वाऱ्याला कमी भितो. जंगलातल्या बऱ्याच मैदानांवर जैवविघटनशील छर्रेच चालतात. त्यांची फोडलेली पिशवी घट्ट बंद ठेवा. ओल लागली की ते फुगतात आणि नळीत बसत नाहीत.

बॅटरीचे प्रकरण जरा शांतपणे वाचा, कारण आग लागली तर इथूनच लागते. बंदुकीबरोबर कधी कधी निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी येते, 8.4 व्होल्टची. तिच्यासोबतचा भिंतीत लावायचा चार्जर बहुधा आपोआप बंद होत नाही. 1,600 एमएएचची बॅटरी, 300 मिलिअँपचा चार्जर: भागाकार 5.3 तास, त्यात घट धरून साडेसहा. लावून झोपी गेलात तर बॅटरी रातोरात शिजते. जास्त बरी निवड म्हणजे 7.4 व्होल्टची लिथियम-पॉलिमर आणि तिचा स्वतंत्र, सगळे सेल सारखे भरणारा 'बॅलन्स' चार्जर. दोन्ही मिळून पन्नास डॉलरच्या आसपास.

इथे एक घोळ हमखास होतो. 7.4 व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण भरली की मीटरवर 8.4च दाखवते, कारण तिच्यातला प्रत्येक सेल 4.2 पर्यंत भरतो. 'आकडा एकच, मग चार्जर चालेल' असे समजून कुणी ती निकेलच्या चार्जरला लावते. तो चार्जर कुठे थांबायचे ते ओळखत नाही, सेल फुगतो आणि पेटू शकतो. लिथियम बॅटरी तिच्याच चार्जरवर, कुणीतरी खोलीत असताना, फरशीवर किंवा आगरोधक पिशवीत भरावी. 1,100 एमएएचची असेल तर 1.1 अँपवर, साधारण तासाभरात. सेल 3 व्होल्टच्या खाली गेला की तो बिघडतो, म्हणून बॅटरीच्या पांढऱ्या प्लगला लावायचा तीन-चार डॉलरचा इशारा देणारा भोंगा घ्या. महिनाभर खेळणार नसाल तर पूर्ण भरून ठेवू नका, दर सेलला 3.8 व्होल्टवर ठेवा. बहुतेक चार्जरवर त्यासाठी 'स्टोरेज' बटण असते. फुगलेली बॅटरी पुन्हा भरायची नाही.

11.1 व्होल्टची लिथियम बॅटरी लावली की बंदूक वेगाने धडधडते हे खरे. पण ट्रिगरच्या संपर्कपट्ट्यांमधून जाणारा प्रवाह वाढतो, ठिणग्या उडतात, काजळी धरते आणि काही महिन्यांत ट्रिगर दाबला तरी काहीच होत नाही. बंदुकीत मॉसफेट नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच असेल आणि कंपनीने 11.1 चालेल असे लिहिले असेल, तरच लावा. बॅटरी मागवण्याआधी दोन मापे घ्या: ठेवायच्या जागेची लांबी-जाडी आणि प्लगचा प्रकार, टामिया की डीन्स. दस्त्याच्या नळीत कांडीसारखी एकसंध बॅटरी बसते, तर जाड दस्त्यात दोन तुकड्यांची. माप न घेता मागवलेली बॅटरी परत करायची रांग या खेळात बारमाही आहे.

मॅगझिन सुरुवातीला बंदुकीसोबतचेच पुरते. ते 300 छर्ऱ्यांचे, खाली चाक फिरवून भरायचे आणि चालताना खुळखुळ्यासारखे वाजणारे असते. झाडीत लपायचा खेळ आवडला की 100-150 छर्ऱ्यांची, न वाजणारी तीन-चार घ्या. लाल ठिपक्याची दुर्बीण तूर्त नको. समोरून आलेला पहिला छर्रा तिची काच फोडतो.

घेण्याआधी तुमच्या मैदानाची मर्यादा विचारा. अमेरिकेत बंद जागेत बहुधा सेकंदाला 350 आणि खुल्यावर 400 फूट असते, 0.20 ग्रॅमने मोजलेले. ब्रिटनमध्ये कायद्यानेच सलग फैरी झाडणाऱ्या बंदुकीला 1.3 ज्यूल आणि एकेक झाडणाऱ्या बंदुकीला 2.5 ज्यूल अशी सीमा आहे. जपानमध्ये सगळ्यांनाच एक ज्यूलच्या किंचित खाली. जर्मनीत 0.5 ज्यूलच्या वरची बंदूक अठरा वर्षांवरील व्यक्तीलाच आणि तीही एकेक झाडणारीच मिळते. ब्रिटनमध्ये खऱ्यासारख्या रंगाची बंदूक विकत घ्यायला तुम्ही खरोखर खेळता हे दाखवावे लागते. त्यासाठी यूकारा या एअरसॉफ्ट विक्रेत्यांच्या संघटनेच्या नोंदणीचा मार्ग आहे, आणि तिला किमान 56 दिवसांच्या अवधीत तीन खेळ लागतात. तोवर भाड्याची किंवा अर्धी भडक रंगवलेली बंदूक. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बंदुकीच्या टोकाला केशरी रंग लागतो, तो खरवडू नका. राज्याचे आणि शहराचे नियम वेगळे असतात, ते बंदूक मागवण्याआधी वाचा. आणि सुट्टीला भारतात येताना भावासाठी भेट म्हणून ही वस्तू बॅगेत टाकू नका. प्रतिकृती असली तरी विमानतळावर अडकायला तेवढे पुरते.

नवी बंदूक आली की पहिल्यांदा नळी पुसा. कारखान्यातले तेल आत असते आणि ते रबरावर आले की छर्रे डावी-उजवीकडे पळतात. सोबतच्या सळीला पातळ कापड गुंडाळा आणि कापड स्वच्छ निघेपर्यंत फिरवा. सिलिकॉन तेलाचा थेंब नळीत किंवा रबरावर नको. गंजासाठीचे फवारे तर रबराला फुगवून टाकतात. मग मैदानाच्या सराव पट्ट्यावर हॉप-अप शून्यावर आणून माणसाच्या उंचीच्या खुणेवर तीस-चाळीस मीटरवरून एकेक छर्रा मारा. हॉप-अपच्या चाकाचा एकेक दात फिरवत जा. छर्रा सपाट जाऊन शेवटी अगदी किंचित उचलला जाऊन पडला की थांबा. वर उसळी मारत असेल तर जास्त झाले. छर्ऱ्याचे वजन बदलले की हे पुन्हा करावे लागते.

खेळताना ट्रिगर अर्ध्यात अडकला आणि काहीच होईना, तर घाबरू नका. बॅटरी उतरली आहे आणि पिस्टन मध्येच थांबला आहे. बंदूक सलग फैरीवर करून ट्रिगर क्षणभर दाबला की सुटतो, मग बॅटरी बदला. छर्रा अडकला तर मॅगझिन काढून नळीच्या तोंडातून सळी हळूच ढकला.

सेफ झोनमध्ये, म्हणजे जिथे गॉगल काढता येतो त्या जागेत, येण्याआधी मॅगझिन काढा आणि जमिनीकडे दोन-तीन वेळा झाडा, कारण मॅगझिन काढल्यावरही नळीत एक-दोन छर्रे राहतात. नळीवर कापडी टोपी चढवा. गॉगल त्यानंतरच काढा. घरी निघताना एकेक फैरीवर ठेवून एकदा झाडा म्हणजे स्प्रिंग सैल राहील, बॅटरी काढून वेगळी ठेवा आणि बंदूक बंद पेटीत घालून डिकीत टाका. वाटेत पेट्रोल पंपावर मित्राला दाखवायला ती पेटी उघडायची नाही. लांबून बघणाऱ्याला ती खरीच वाटते, आणि पोलिसांनाही.